सशाचा वैद्य

प्राणिमात्रांवर दया करावी, हे वचन आपल्याकडे मूल बोलू लागण्याच्या सुमारास त्याच्या कानी पडते, आणि पुढे आयुष्यभर त्याचा नेमका अर्थ काय हे विचारण्याचे कोणास फारसे कारण पडत नाही. दया ही मनाची एक कोवळी वृत्ती आहे. ती अंतःकरणात असली की बाकीचे आपोआप नीट होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमचीही ती होती. गेल्या उन्हाळ्यात मारेगावी आमच्या घरी एक ससा मेला, आणि तो आमच्या दयेनेच मेला असे आम्हांस मागाहून कळून आले, तेव्हा ही समजूत डळमळली. एका सशाच्या मरणावरून निबंध लिहावयास बसणे काही वाचकांस हास्यास्पद वाटेल. आमच्या शेजाऱ्यांस तर ते वाटलेच. त्यांचे म्हणणे पुढे येईल, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या वाटेवर ते लागते. भोवताली काळी जमीन, तीत कपाशी, तूर आणि सोयाबीन. आडबाजूस कोलामांचे पोड. अशा गावात जनावर म्हणजे बैल, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. कुत्रा आहे, पण तो कोणाचाच नसतो. ससा म्हणजे येथील माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो रानससा. रात्री गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडताना दिसतो तो, आणि ज्यास मारणे अगर पकडणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरले आहे तो. पिंजऱ्यात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हा त्याचा फार तर दूरचा चुलत भाऊ. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. रानसशाचे पिल्लू उघड्यावर, अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्मास येते. पाळीव सशाचे पिल्लू बिळात, उघडे-नागडे आणि आंधळे जन्मते. इंग्रज या दोहोंस दोन निराळी नावे देतो. मराठीने दोघांस एकच नाव दिले, आणि चंद्रावर जो बसविला तो अर्थातच पहिला. आमच्या अज्ञानाचा आरंभ असा भाषेपासूनच होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या धाकट्या बंधूंनी दिवाळीत नागपुराहून सशांची एक जोडी आणिली. त्यांच्या कन्येने, म्हणजे आमच्या पुतणीने, या मुलखास साजेशी नावे ठेविली: नर तो 'कापूस' आणि मादी ती 'सरकी'. विकणाऱ्याने सांगितले होते की, गाजर द्या, कोबी द्या, यांना काही होत नाही. 'यांना काही होत नाही' हे वाक्य आम्ही त्या वेळी आश्वासन म्हणून ऐकले. आज वाटते, मुक्या जिवाविषयी याहून धोक्याचे वाक्य नसेल.

चैत्र सरता सरता कापसाच्या कानांत खपल्या धरू लागल्या. तो मागच्या पायाने कान खाजवी, मान झटके, आणि मग कोपऱ्यात निमूट बसून राही. आम्ही चार ठिकाणी विचारले. एकाने करंजाचे तेल सांगितले. दुसऱ्याने कुत्र्याच्या गोचिडांवर मारावयाचा फवारा आणून दिला. सुदैवाने तो वापरण्याचे राहून गेले. तिसऱ्याने सांगितले की कान पिकला आहे, आणि कान पिकला की मुलास जे देतात तेच यास द्यावे. पुतणीच्या घशासाठी दोनच दिवसांपूर्वी आणलेली अमॉक्सिसिलिनची बाटली घरात होतीच. सहा थेंब, ड्रॉपरने, दिवसातून दोनदा. मुलीने त्यास मांडीवर घ्यावे, आम्ही त्याचे तोंड हळूच उघडावे, आणि औषध उतरल्यावर तिने त्याच्या कपाळावरून बोट फिरवावे, असा तो विधी. दुसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले, मग पातळ हगवण लागली, आणि चौथ्या पहाटे तो थंड झालेला आढळला. आम्ही म्हटले, ऊन बाधले. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांवर चढतो, आणि सशास घाम येत नाही. तेव्हा ते निदान कोणासही पटण्याजोगे होते.

खरे कारण आम्हांस पंधरा दिवसांनी कळले. सशाच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते. तीत असंख्य सूक्ष्म जंतू गवताचे पचन करीत असतात, आणि त्यांच्या बळावरच तो जगतो. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे पोटात गेली की हे उपकारी जंतू मरतात, त्यांच्या जागी विषारी जंतू माजतात, आणि ससा दोन-चार दिवसांत जातो. मुलास जे तारते ते सशास मारते. गोचिडाच्या फवाऱ्यांत पुष्कळदा फिप्रोनिल असते. कुत्र्यास ते चालते, सशास ते विष आहे. इतरही पुष्कळ गोष्टी आम्हांस तेव्हा कळल्या. सशास ओकारी होत नाही, म्हणून पोटात गेलेले परत येत नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि वाळल्या गवताच्या चघळण्यानेच ते झिजतात. तेव्हा त्याचे मुख्य अन्न गवत, गाजर हा सणाचा पदार्थ. बारा तास त्याच्या पोटात काही गेले नाही तर ती घटका धोक्याची समजावी. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की तो दुखणे लपवितो. ज्याची शिकार होते त्या प्राण्यास कण्हण्याची सोय नाही. जो कण्हला तो प्रथम धरला गेला. कापूस 'निमूट' बसे ते समंजसपणाने नव्हे, हे उमगावयास आम्हांस फार उशीर झाला.

आता प्रश्न असा की, हा दोष कोणाचा? आमचा हेतू शुद्ध होता, याविषयी आम्हांस स्वतःस तरी शंका नाही. आणि कर्माची परीक्षा हेतूवरून करावी, असा आपल्या विचाराचा कल आहे. अजाणता घडलेल्या गोष्टीस आपण पाप म्हणत नाही, फार तर प्रायश्चित्ताचा एखादा सौम्य प्रकार सांगतो. परस्परांशी बरोबरीच्या नात्याने वागणाऱ्या माणसांत हे ठीक आहे. कारण तेथे दुसरा माणूस 'नको' म्हणू शकतो, उठून जाऊ शकतो, निदान दुखते म्हणून सांगू तरी शकतो. जो सर्वस्वी आमच्या हाती आहे त्याच्या बाबतीत शुद्ध हेतू ही फार अपुरी सबब होय. त्याचे तोंड उघडून औषध घालण्याइतकी सत्ता ज्याने हाती घेतली, त्याने आपल्या अज्ञानाचा हिशेबही स्वतःच द्यावयास हवा. आम्हांस सशाचे काही कळत नव्हते, एवढाच आमचा दोष असता तर तो क्षम्य होता. आम्हांस कळत नाही हे आम्हांस कळत नव्हते. मुलाचे औषध सशास चालेल की नाही, असा प्रश्नच आमच्या मनात उभा राहिला नाही. १९६०च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम म्हणते की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखस्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण येथे तिने नेमके बोट ठेविले आहे. योग्य माणसास विचारणे हा वाजवी उपायांतील पहिला.

पण योग्य माणूस मारेगावात कोठून आणावयाचा? येथे या प्रश्नास एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पशुवैद्यक हे आपल्या देशात नवे नाही. शालिहोत्राचे नाव अश्वचिकित्सेशी जोडलेले आहे आणि पालकाप्याचे हस्त्यायुर्वेदाशी. अश्व आणि गज. म्हणजे सैन्याची दोन अंगे. अर्वाचीन काळी पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्सात लिआँ येथे १७६१ साली निघाली, तीही घोड्यांसाठी आणि गुरांच्या साथीसाठी. आपल्याकडे १८८९ साली पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ साली ती मुक्तेश्वरास गेली. गुरांच्या बुळकांडीसारख्या रोगांशी झुंजणे हे तिचे काम, आणि ती बुळकांडी २०११ साली साऱ्या पृथ्वीवरून नाहीशी झाली, ही मनुष्याच्या मोठ्या विजयांपैकी एक गोष्ट होय. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चे, नागपूरचे १९५८चे. आणि आता २००० सालापासून नागपुरास स्वतंत्र पशुविद्यापीठ आहे. ज्ञान उपयोगाच्या मागोमाग चालत आले, यात लाजण्याजोगे काही नाही. बैलावर ज्याचे घर चालते त्याच्या बैलाचा वैद्य प्रथम व्हावा हे न्याय्यच आहे. अपवाद म्हणून अशोकाचे नाव घ्यावेसे वाटते. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची तजवीज सांगितली आहे, आणि तेथे कोणता पशू उपयोगी व कोणता निरुपयोगी हा भेद नाही. मात्र त्याच अशोकाच्या पहिल्या लेखावरून दिसते की, तो खोदला गेला तेव्हाही त्याच्या पाकशाळेत रोज दोन मोर आणि कधी कधी एक हरीण मारले जात होते. मनुष्य एकदम सगळा सुधारत नाही.

सशाची गोष्ट मात्र यांत चमत्कारिक आहे. सशाविषयी मनुष्यास ज्ञान नव्हते असे नव्हे. १८८५ सालच्या जुलै महिन्यात पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या झोझेफ माइस्टरला जी लस टोचली, ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. श्वानदंशाच्या भयातून मनुष्यजात सुटली ती अशी सशाच्या पाठीवरून. डोळ्यांत घालावयाचे पदार्थ दाहक आहेत की काय हे सशाच्या डोळ्यांत घालून पाहण्याची रीत १९४४ साली निघाली, आणि प्रसाधनांच्या बाबतीत आपल्या देशाने अशा परीक्षा २०१४ साली बंद केल्या. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर दोन डझनांच्या आसपास ससे सोडले. त्यांची प्रजा इतकी माजली की १९५० साली सरकारला त्यांच्यात मुद्दाम एक जीवघेणा रोग पसरवावा लागला. म्हणजे ससा जगतो कसा याचे, मरतो कसा याचे, आणि त्याच्या मरणातून आपण कसे वाचावे याचे ज्ञान मनुष्याने भरपूर मिळविले. आपल्याकडेही लोकर आणि मांस यांच्या दृष्टीने राजस्थानातील अविकानगरच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेने सशांवर काम केले आहे. पण ससा हा आजारी पडणारा एक जीव आहे, आणि तो बरा व्हावा एवढ्याचसाठी त्याच्याकडे पाहावे, ही दृष्टी अगदी अलीकडची. मोठ्या शहरांत असे वैद्य आता भेटतात. तालुक्याच्या गावी लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि २०२२ साली ज्याने गोठे हादरविले तो लम्पी, यांतून दवाखान्यास सवड होत नाही.

येथे आमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे येते. कापूस गेल्यावर महिनाभराच्या आत सरकीच्याही कानांत तशाच खपल्या दिसू लागल्या, आणि आम्ही तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेऊ लागलो, तेव्हा ते ओट्यावरून म्हणाले, "गुरुजी, अठी बैलाले डाक्टर भेटत नाही, अन् तुमी सशाले शोधून राह्यले!" त्यात कुचेष्टा होती, पण नुसती कुचेष्टा नव्हती. ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशाला ठाऊक झाल्या. जेथे २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांच्या वर माणसे गेली. तेथे सशाच्या कानाची चिंता करणे हे पोट भरलेल्याचे चोचले दिसले तर नवल नाही. आम्ही या आक्षेपास उत्तर शोधू लागलो. दया ही काही शिध्यासारखी मोजून वाटावयाची वस्तू नव्हे, एकास दिल्याने दुसऱ्याची कमी होत नाही, हे नेहमीचे उत्तर आमच्या जिभेवर आले होते. परंतु ते खरे नाही. दया कमी होत नसेल. डॉक्टरची अर्धी घटका मात्र कमी होते. ती सशावर गेली तर शेळीवर जात नाही. आणि शेळी ज्या बाईची आहे तिच्या घरी ती शेळी म्हणजे अडीनडीला मोडावयाचा दागिना असतो.

तेव्हा एवढेच म्हणता येते की, सशाचा हक्क रांगेत मागे उभे राहण्याचा आहे. रांगेबाहेर हाकलून देण्याचा न्याय मात्र कोणास नाही. आणि त्या २०१७च्या विषबाधेची आठवण निघालीच आहे, तर आमच्या मते तीतून निघणारा अर्थ शेजाऱ्यांच्या उलट आहे. कोणते विष किती मारावे, तोंड कशाने बांधावे, झळ लागली तर कोठे धावावे, हे ज्ञान कोठे तरी होते. ते बांधापर्यंत पोहोचले नव्हते. मारेगावात सशाला जे नडले तेच, फार मोठ्या प्रमाणावर, माणसालाही नडते. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, त्याच फवारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावरचे गवत आम्ही काही दिवस या जोडीस घालीत होतो.

दवाखान्यात त्या सकाळी एक अडलेली शेळी आधी आली होती. आम्ही दीड तास बसलो, आणि ते योग्यच झाले. मग डॉक्टरांनी सरकीस टेबलावर घेतले, कान पाहिले, आणि म्हणाले, "गुरुजी, खरं सांगू का? ससा मी कॉलेजात पाहिला तेवढाच. ही खरूज दिसते. पण सशाला काय चालतं आणि किती, ते विचारल्याशिवाय मी सुई लावणार नाही. संध्याकाळी या." आम्ही मनातून किंचित खट्टू झालो, हे कबूल केले पाहिजे. वैद्याने चटकन काही तरी द्यावे, अशी रोग्याच्या घरच्यांची इच्छा असते. आणि न देणाऱ्या वैद्यापेक्षा चुकीचे देणारा वैद्य गावात अधिक चालतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी नागपूरच्या आपल्या एका गुरूंशी बोलून घेतले होते. वजन नेमके हवे म्हणून दवाखान्यातला काटा सोडून आम्ही समोरच्या किराणा दुकानातील तराजूवर सरकीस बसविले. गुरांसाठी दवाखान्यात असलेलेच आयव्हरमेक्टिन त्या वजनाच्या मानाने अगदी थोडे टोचले, पंधरवड्याने पुन्हा टोचावयाचे ठरले, खपल्या ओढून काढू नयेत असे बजावले, आणि सशास काय देऊ नये याची एक यादी स्वतःसाठी व एक आमच्यासाठी लिहून काढली. कापसास आम्ही काय दिले होते हे तेव्हा आम्ही सांगितले. ते काही क्षण बोलले नाहीत. मग यादीतील पहिल्या ओळीखाली त्यांनी एक रेघ ओढली.

'ठाऊक नाही' हे म्हणावयास त्यांचे काय गेले? तालुक्याच्या गावी डॉक्टराची पत ही त्याची अर्धी औषधी असते, आणि ती त्यांनी चार माणसांदेखत पणास लाविली. आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविले. त्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांपुढे हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले, हे मोजावयास गेल्यास एका हाताची बोटे पुरतील. जाणता म्हणजे ज्यास पुष्कळ ठाऊक आहे तो, असे आम्ही समजत होतो. आपले ज्ञान कोणत्या धुऱ्यापाशी संपते हे ज्यास ठाऊक आहे, आणि त्या धुऱ्यापलीकडे कोणाचे शेत आहे हेही जो विचारून घेतो, त्याच्या हाती आपले जनावर आणि आपले मूल निर्धास्त द्यावे, असे आता वाटते.

तथापि मूळ प्रश्न याने सुटत नाही. जेथे त्याचा वैद्य नाही तेथे एखादा प्राणी पाळण्याचा आपणास अधिकार आहे काय? रानसशास वैद्य नाही, आणि त्याची त्यास उणीवही भासत नाही, असे कोणी म्हणेल. पण रानसशास ऊन लागले तर तो सावलीची जागा स्वतः निवडतो. कोणते गवत खावे आणि कोणते टाळावे हे स्वतः ठरवितो. धोका दिसला तर पळतो. त्याची चिकित्सा त्याच्या पायांत आहे. आपण ज्यास पिंजऱ्यात घातले त्याचे पाय आपण काढून घेतले. तेव्हा वैद्य ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, काढून घेतलेल्या वस्तूची ती भरपाई होय. जो भरपाई करू शकत नाही त्याने घेऊ नये. एवढ्यावरून पाहता, मारेगावात कोणी ससा पाळू नये, हाच निर्णय द्यावा लागेल. वैद्य नाही म्हणून खेड्यात मुले होऊ द्यावयाची नाहीत काय, असा प्रतिप्रश्न आमच्या बंधूंनी केला. मुले होतात, ससा विकत आणावा लागतो, हा भेद त्यांच्या ध्यानी आला नाही, किंवा आला असून त्यांनी वादासाठी डोळेझाक केली असेल.

पण दुसरी बाजू आम्हांस अधिक सतावते. सरकी दवाखान्यात गेली म्हणून त्या डॉक्टरांस सशाची खरूज कळली; आता पांढरकवड्याकडील कोणी ससा घेऊन आला तर त्यास संध्याकाळपर्यंत थांबावे लागणार नाही. रोगी येत नाहीत तेथे वैद्य तयार होत नाही. आणि वैद्य नाही तेथे रोगी आणू नये म्हटले, तर ते ज्ञान त्या गावी कधीच यावयाचे नाही. कोणी तरी पहिला असावाच लागतो. फक्त त्या पहिल्यास कोणी विचारीत नाही. कापूस आमचा पहिला होता, आणि त्याच्या मरणाने सरकी वाचली असे म्हणून आम्ही समाधान मानू पाहतो, तेव्हा पाश्चरच्या प्रयोगशाळेतील सशांहून त्याची अवस्था काही वेगळी नव्हती असे ध्यानात येते. त्या सशांचे निदान कोणी कपाळ कुरवाळीत नव्हते. या प्रश्नाचा निकाल आमच्याकडून लागलेला नाही.

सरकीचे कान आता स्वच्छ झाले आहेत. दुपारी ती माठाखालच्या ओल्या पोत्यावर पोट टेकून पडते. गाजर क्वचित, हरळी आणि वाळले गवत पोटभर. ससा एकटा कुढतो, तेव्हा तिला सोबत आणावी असे बंधूंचे म्हणणे आहे. डॉक्टर म्हणाले, आणा, पण पावसाळा लागू द्या, आणि आणल्या दिवशी आधी मला दाखवा. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटविली आहे. जूनअखेर शाळा उघडली त्या सकाळी पुतणी दप्तर पाठीला अडकवून त्या दारापुढे उभी राहिली आणि तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली.

"मोठे बाबा, हा कागद आधी असता तर कापूस वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता."

"मग आपण आधी का नाही विचारलं?"

विचारावयाचे असते हेच आम्हांस सुचले नाही, असे आम्ही तिला सांगितले. ती काही बोलली नाही. सरकीपुढे हरळीची एक मूठ टाकून, हात फ्रॉकला पुसून, ती शाळेत गेली.